शेंदूरजनाघाटात एलियट

'कविता कळली नाही' हे वाक्य पुण्या-मुंबईत फार जपून उच्चारावं लागतं. कवी गावाबाहेर असताना, दार लावून, शक्यतो बायकोजवळ. आमच्या शेंदूरजनाघाटात ते कार्यक्रमाच्या आधीच, मंडपाच्या तोंडाशी चप्पल काढता काढता, मोठ्यानं म्हणून टाकतात. "आपल्याले काही समजत नाही बरं भाऊ, पन ऐकून घेतो." यात कमीपणा कसला? इथला माणूस कीर्तनकाराचं ऐकतो, पुढाऱ्याचं ऐकतो, बगीचा पाहायला आलेल्या व्यापाऱ्याचंही ऐकतो. समजल्याशिवाय ऐकायचंच नाही असं गावानं ठरवलं तर तिघांचाही धंदा बसेल.

गाव वरुड तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या हद्दीला लागून. इथं संत्रा पिकतो आणि संत्र्याच्या कलमा निघतात. इथली कलम पार दूरच्या बगीच्यात जाऊन उभी राहते. बोलायला विषय तीनच: बहार, बोअर आणि भाव. त्यात चौथा विषय म्हणून नवकविता घुसवावी ही कल्पना आमच्या वाचनालयाच्या एका पदाधिकाऱ्याची. त्यामागचा हिशेब साहित्याचा नव्हता, मंडपाचा होता. बा. सी. मर्ढेकरांचा स्मृतिदिन 20 मार्चला, आणि युनेस्कोनं ठरवून दिलेला जागतिक कविता दिन 21 मार्चला. म्हणजे एका उभारणीत दोन रात्री. पहिल्या रात्री मर्ढेकर. दुसऱ्या रात्री, मर्ढेकरांचा विषय निघाला की ज्याचं नाव हटकून निघतं तो टी. एस. एलियट, थेट त्याच्याच आवाजात, कारण त्यानं आपली कविता स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवलेली आहे आणि आमच्या एका पुतण्याच्या मोबाइलात ती आहे. रसग्रहणाला जिल्ह्याच्या गावाहून एक सर. निवेदन माझ्याकडे, कारण माझ्याकडे जाकीट आहे.

आता, आमच्या गावाला कान नाही असं कोणी समजू नये. तिन्हीसांजेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना, एकादशीला हरिपाठ, श्रावणात पोथी, आणि रोज सकाळी घंटागाडीचं गाणं, एवढ्या रियाजावर आमचा कान तयार झाला आहे. खंजिरीचा ठेका चुकला तर झोपलेला म्हातारा उठून बसतो. त्यात जिल्हा अमरावती, म्हणजे सुरेश भटांचा. ज्या गावी 1932 साली भट जन्माला आले त्या गावच्या आसपास दाद कशी द्यायची हे शिकवावं लागत नाही. शेर अर्धा झाला की मांडी थोपटायची, पुरा झाला की 'व्वा' म्हणायचं, आणि लगेच पुन्हा म्हणायला लावायचं. गझलेला ही रीत उत्तम आहे. नवकवितेला ती लावली की काय होतं ते मर्ढेकरांच्या रात्री दिसलं. वाचणाऱ्यानं पिंपात मेलेल्या उंदरांची ओळ म्हटली. मागून आवाज आला, "व्वा! पुन्हा होऊ द्या, सर!" त्यांनी पुन्हा म्हटली. उंदीर पुन्हा मेले. पुन्हा 'व्वा'.

पण मी पुढे गेलो. आधी नवकविता वाचून दाखवणाऱ्यांविषयी दोन शब्द सांगायला हवेत, कारण या जमातीनं कवितेचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं टीकाकारांनाही साधलेलं नाही.

एका प्रकारचा वाचक नवकविता म्हणजे आजारपण समजतो. तो खुर्चीत बसता बसताच खचतो. पहिल्या ओळीला घसा बसतो, तिसऱ्या ओळीला श्वास लागतो, आणि कडव्याच्या शेवटी तो इतका वेळ गप्प राहतो की पुढच्या रांगेतल्या काकू पाण्याचा गिलास पुढे करतात. ग्रेस वाचणाऱ्यांत हा प्रकार फार. ग्रेस तर आमच्याच विदर्भाचे, नागपूरचे. 1967 साली त्यांच्या 'संध्याकाळच्या कविता' आल्या तेव्हापासून ते वाचणारा माणूस भर दुपारी बारालासुद्धा संध्याकाळ करून सोडतो. गंमत अशी की याच ग्रेसांच्या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली, आणि ते गाणं आमच्याकडे संत्र्याच्या गाडीवरचा ड्रायव्हरही गुणगुणतो. पांढुर्ण्यापर्यंत दुर्बोधता ऐकत जातो आणि परत येताना पुन्हा लावतो. त्याला कोणी अजून सांगितलेलं नाही की हे कळायला अवघड आहे. सांगूही नये. गाडी घाटातून जाते.

दुसरा वाचक कविता वाचतच नाही, तिच्याविषयी बोलतो. 'या ओळीकडे जाण्यापूर्वी' असं म्हणून तो जो निघतो तो ओळीपर्यंत पोहोचत नाही. वाटेत यंत्रयुग लागतं, दुसरं महायुद्ध लागतं, मानवाचं वैफल्य तर प्रत्येक फाट्यावर उभंच असतं. आमचे सर या दुसऱ्या प्रकारातले, पण मनानं निर्मळ. पाण्याची बाटली स्वतःची आणली होती.

हे काम सरळपणे करता येतं याचा पुरावा महाराष्ट्रात आहे. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई या दोघांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांचं जाहीर वाचन केलं. ज्या पुलंना नुसतं उभं राहून सभागृह हसवता येत होतं त्यांनी त्या संध्याकाळी स्वतःला खुर्चीमागे ठेवलं आणि कवितेला पुढं केलं. सुनीताबाईंना तर कविता पाठ असायच्या. कवितेपुढे आपण मधे न येणं ही एवढीशी गोष्ट, पण महाराष्ट्रात मधे न येणारा माणूस मिळणं किती कठीण आहे हे कोणत्याही लग्नात कळतं.

तर 20 तारखेची रात्र. मी जाकीट घालून मर्ढेकरांची ओळख करून दिली. खानदेशात फैजपूरला जन्म, आयसीएस व्हायला विलायतेला गेले, ते न होता परत आले, पुढे आकाशवाणीत नोकरी, रेडिओसाठी संगीतिका लिहिल्या. एवढ्यावर मंडपात जांभया सुरू झाल्या. मग मी म्हटलं, 1947 साली 'काही कविता' हा संग्रह आला आणि त्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. मंडपात एकदम जान आली. मागचे पुढे सरकले. पानठेल्यावर उभे होते ते आत आले. एका काकाजींनी नातवाला घरी पाठवून दिलं आणि स्वतः चष्मा पुसला. मी घाईनं सांगितलं की ते निर्दोष सुटले, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

अशा तापलेल्या मंडपात सरांनी उंदीर सोडले.

निराशा दाट होती. पण ती फार वेळ टिकली नाही, कारण आमच्याकडे उंदीर हाही विषय आहे. पुढच्या रांगेत कृषी केंद्रवाले भाऊ बसले होते. कविता संपली आणि सर म्हणाले, "आता प्रश्न असा, की हे उंदीर कोण?" भाऊंना वाटलं प्रश्न त्यांनाच आहे. ते उठले. "सर, उंदराचं असं राह्यते, त्यानं औषध खाल्लं का त्याले तहान लागते. मंग तो पान्याकडे पयते. पिंप उघडा ठेवला तं जातेच तो त्याच्यात. म्हनून मी गिऱ्हाइकाले आधी सांगतो, औषध ठेवा पन पिंपावर झाकन ठेवा."

मंडपानं मान डोलावली. सर म्हणाले, "नाही, नाही, इथं उंदीर म्हणजे उंदीर नव्हेत. उंदीर म्हणजे माणूस. यंत्रयुगातला."

"असं होय काय," भाऊ म्हणाले आणि जरा विचार करून बसले. "मंग तं झाकन अजूनच पाहिजे."

या चिमुकल्या कवितेवर मराठी समीक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या लेख लिहिले आहेत. त्यातले काही मी वाचले आहेत. झाकणाचा मुद्दा मला कुठे आढळला नाही.

खरी मजा नंतर झाली. मंडपाच्या डाव्या अंगाला आमचं भजनी मंडळ बसतं, कार्यक्रम कोणताही असो. ती त्यांची जागाच आहे. सरांना कोणी तरी ती कविता तिसऱ्यांदा म्हणायला लावली, आणि या वेळी मंडळातल्या आबाजींच्या मांडीवरची खंजिरी आपोआप वाजू लागली. आबाजींचा यात हेतू नव्हता. त्यांचा हात ठेका ऐकला की चालतो, जसा काही लोकांचा हात भजी दिसली की चालतो. त्या कवितेची ओळ आठ-आठ मात्रांची आहे. म्हणजे सरळ भजनी ठेका. सर थांबले तरी खंजिरी थांबेना, आणि मग सरांनाच तिच्या मागे जावं लागलं. आता ते वाचत नव्हते, म्हणत होते. दुसऱ्या कडव्याला झांज लागली. तिसऱ्याला मागच्या चौघांनी शेवटचे शब्द उचलून धरले. मानवाचं वैफल्य असं झांजेवर घोळून म्हटलं गेल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. संपलं तेव्हा सर घामाघूम होते आणि खुशीत होते. रसग्रहणाचे कागद खाली पडले होते ते त्यांनी उचलले नाहीत.

आबाजींनी खंजिरी खाली ठेवली आणि विचारलं, "हे बोवा कोनत्या सालचे होय?"

"1909," सर म्हणाले.

"मंग महाराजांच्याच सालचे!"

आणि ते खरं आहे. तुकडोजी महाराजांचा जन्म 30 एप्रिल 1909, आमच्याच जिल्ह्यात यावलीला. मर्ढेकरांचा 1 डिसेंबर 1909. सात महिन्यांचं अंतर. एकानं गुरुकुंज मोझरीला बसून 1955 साली 'ग्रामगीता' दिली, एक्केचाळीस अध्याय, अख्खी ओव्यांत. दुसऱ्यानं मुंबईची गिरणी, लोकल, कारकून आणि उंदीर घेतले आणि तेही पुष्कळदा ओवी-अभंगाच्याच घाटात बसवले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे दोघे एका पानावर येत नाहीत. एकाचं पान भाविकांच्या खात्यात, दुसऱ्याचं विद्यापीठाच्या. आबाजींना खात्यांची माहिती नव्हती म्हणून त्यांना साल दिसलं.

शिवाय यात आबाजींनी काही नवकवितेची विटंबना केली असंही नाही. अरुण कोलटकर म्हणजे तर नवकवितेतले पक्के शहरी, काळा घोड्याजवळच्या हॉटेलात बसणारे. पण ते बळवंतबुवांच्या भजनात रमायचे आणि अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले. दिलीप चित्र्यांनी तुकोबा इंग्रजीत नेला. हे लोक कवितेच्या अर्थाबद्दल काहीही बोलले असतील, पण त्यांचा अर्धा कान कुठल्या तरी देवळाच्या सभामंडपात होता. त्यांच्या कविता वाचून दाखवणारे आमचे सर लोक मात्र त्या देवळावरून जाताना चप्पलही काढत नाहीत, कारण पुढच्या तासिकेला उशीर होतो.

सरांना या साऱ्या प्रकारानं स्फुरण चढलं आणि त्यांनी एक दृष्टान्त दिला. गावाला जवळचं काही बोलावं म्हणून बिचाऱ्यांनी रस्त्यात येतानाच तो योजून ठेवला असावा. म्हणाले, "तुम्ही कलमांचे लोक. मर्ढेकर म्हणजे एक कलमच. खुंट तुकोबाचा आणि त्यावर डोळा एलियटचा!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात नर्सरीवाले मामाजी उभे राहिले.

"सर, डोया किती उंचीवर भरला?"

"म्हणजे?"

"नाही, वीतभराच्या वर भरला तं ठीक. जमिनीजवय भरला तं डिंक्या येते. झाड दिसाले लय चांगलं दिसते, अन् पाचव्या-सातव्या वर्षी बसते. लय लोक फसले त्याच्यात."

सर गप्प. मी मात्र मामाजींच्या या वाक्याचा अधूनमधून विचार करतो, विशेषतः नव्या कवींचे संग्रह भेट म्हणून येतात तेव्हा.

दुसऱ्या रात्री गर्दी जास्त होती. एक तर इंग्रज येणार म्हणून. शिवाय आदल्या रात्रीच्या भजनाची बातमी गावभर झाली होती. पुतण्या पुण्याला कंपनीत आहे, होळीला आलेला थांबला होता. त्यानं मोबाइल साऊंडवाल्या पोट्ट्याच्या मशीनला जोडला. मी ओळख करून दिली: एलियट मूळचा अमेरिकन, राहायला लंडनला, 'द वेस्ट लँड' ही कविता 1922 सालची, चारशेच्या वर ओळी, पाच भाग. "वेस्ट लँड म्हणजे?" "पडीक जमीन." एवढं ऐकून तलाठी कार्यालयात काम असलेले दोघं सावरून बसले.

पुढे मी सांगितलं की हा गृहस्थ लंडनच्या लॉईड्स बँकेत नोकरीला होता. बँकेतून निवृत्त झालेले आमचे काकाजी खूश झाले. "कोनत्या डिपार्टमेंटले?" मी म्हटलं, परदेशी खात्याकडे. मग सांगितलं की तब्येत बिघडली म्हणून बँकेतून रजा काढून त्यानं ही कविता पुरी केली. काकाजींनी विचारलं, "रजा पगारी का बिनपगारी?" मी सरांकडे पाहिलं. सरांनी बाटलीकडे पाहिलं.

मागून एक जण म्हणाला, "बँकेतला मानूस पडीक जमिनीवर कविता करते अन् आपल्याले पीककर्ज देत नाही."

आणखी एक गोष्ट सांगितली: कविता मुळात खूप लांब होती, एझरा पाउंड नावाच्या त्याच्या मित्रानं ती कापून जवळजवळ निम्मी केली. मला वाटलं होतं लोक हळहळतील. "सल काढली म्हना ना," नर्सरीवाले मामाजी म्हणाले, "चांगलं केलं. सल ठेवली का झाड वायते." तोडीच्या नंतर झाडावरच्या वाळलेल्या काड्या छाटायच्या त्याला आमच्याकडे सल काढणं म्हणतात, आणि छाटल्या जागी बोर्डो मलम लावतात. मामाजींची एकच शंका होती, की मलम लावलं होतं का. पाउंडच्या चरित्रात याचा उल्लेख नसावा.

मग एलियट सुरू झाला.

आवाज कोरडा, चढउतार बेताचा. साऊंडवाल्या पोट्ट्यानं भजनासाठी मशीनवर इको लावून ठेवला होता, तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे एलियटची प्रत्येक ओळ सातपुड्यावर आपटून परत आल्यासारखी दोनदा ऐकू येत होती. पुतण्या चार-दोन ओळी झाल्या की मोबाइल थांबवून अर्थ सांगायचा. त्याचं इंग्रजी कंपनीचं आणि मराठी घरचं, त्यामुळे मधलं काही राहिलं नव्हतं.

"पयले तं तो एप्रिल महिन्याले नावं ठेवून राह्यला. म्हने सगळ्यात निर्दयी महिना हाच."

मंडपात एकदम शांतता झाली. मग एकापाठोपाठ एक आवाज आले. "बरोबर होय." "खरी गोष्ट आहे." "त्याच्या बापानं बगीचा लावला असन."

सर घाईनं उठले. म्हणाले, तसं नाही, त्या देशात एप्रिलमध्ये वसंत येतो, जमिनीतून कोंब फुटतात, फुलं येतात, आणि नेमकं तेच त्याला सोसवत नाही, हा विरोधाभास आहे. लोकांनी ते सौजन्यानं ऐकून घेतलं. पण ज्याचा आंबिया बहार एप्रिलच्या पंचेचाळीस डिग्रीत झाडाखाली टपाटप गळून पडलेला आहे त्याला विरोधाभास कोणत्या बाजूनं दाखवायचा? सर अर्थ सांगत होते आणि मंडप दुःख ओळखत होता. मला तरी एलियट मंडपाकडे तोंड करून बसल्यासारखा वाटला.

पुढे पत्त्यांवरून भविष्य सांगणारी एक प्रसिद्ध बाई येते. पुतण्यानं सांगितलं की ती युरोपातली सगळ्यात हुशार बाई, पण तिला सर्दी झालेली आहे. बायकांच्या बाजूनं पहिल्यांदाच आवाज आला. आमच्या मोठ्या काकू म्हणाल्या, "सोताची सर्दी नाही समजली का वं तिले पयले?" एलियटला हाच विनोद करायचा होता अशी माझी खात्री आहे, पण आजवर ज्या ज्या वर्गात मी ही कविता ऐकली तिथं त्या जागी कोणी हसलं नव्हतं. सगळे वहीत 'प्रतीक' असा शब्द लिहीत होते.

दुसऱ्या भागात दारूच्या गुत्त्याचा मालक गिऱ्हाइकांना सारखं आटपा म्हणून ओरडत असतो. हे कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या बाजूला थोडी चुळबूळ मात्र झाली.

तिसऱ्या भागाबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. लोकांनी चहा घेतला. चौथा भाग एका बुडालेल्या माणसाचा, दहा-बारा ओळींचा, तो चहाच्या कपांच्या आवाजात बुडाला.

पाचव्यात पाणी नाही. नुसते खडक, वाट, आणि पाणी नाही. पुतण्या म्हणाला, "इथून लय वेळ तो फक्त पानी नाही, पानी नाही असंच म्हनते." पुतण्याला वाटलं होतं लोक कंटाळतील, म्हणून त्यानं बोट पुढे सरकवण्याच्या खुणेवर ठेवलं. आबाजींनी हात वर केला. "राहू दे. ऐकू दे." मग कोणी अर्थ विचारला नाही. आमचा तालुका भूजलाच्या नकाशावर डार्क झोन म्हणून रंगवलेला आहे. उन्हाळ्यात झाडं जगवायला टँकर लावलेले लोक त्या मंडपात होते. शेजारचा एक जण इंग्रजी ऐकता ऐकता मराठीत पुटपुटला, "आठशे फूट गेलो राजेहो, फुफाटाच निंघाला." एलियट पुढे चालला होता, इको त्याच्या मागून येत होता. रसग्रहण यापेक्षा वेगळं काय करतं मला माहीत नाही.

आणि मग ढग आले. कवितेत. पुतण्या म्हणाला, "आता गडगडाट होते."

"कुठं?" पाच-सात जण उभे राहिले.

मार्चमधला गडगडाट ही आमच्याकडे काव्यात्म गोष्ट नाही. त्याचा अर्थ गारपीट, आणि गारपिटीचा अर्थ सर्व्हे, पंचनामा आणि वाट पाहणं. आंबियाचं फळ नुकतं धरलेलं, बोराएवढंही झालेलं नव्हतं. दोघं बाहेर जाऊन आभाळ पाहून आले आणि त्यांनी सांगितलं, "साफ आहे. चांदन्या दिसून राह्यल्या." मंडप बसला.

सरांना इथं अखेर आपली जागा सापडली. त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली गोष्ट सांगितली, आणि छान सांगितली. देव, माणसं आणि असुर प्रजापतीकडे उपदेश मागायला गेले. प्रजापती प्रत्येकाला एकच अक्षर म्हणाला: द. देवांनी ओळखलं, आपल्याला इंद्रियांचं दमन करायला सांगितलं. माणसांनी ओळखलं, दान. असुरांनी ओळखलं, दया. आभाळात ढग गडगडतो तो आजही हेच म्हणतो, द, द, द. आणि हा विलायती कवी थेट तिथून हे अक्षर उचलतो!

मोबाइल सुरू झाला. एलियट म्हणाला, द. इको म्हणाला, द, द. साऊंडवाल्याच्या निष्काळजीपणानं उपनिषदाचा हिशेब बरोबर जुळला.

कृषी केंद्रवाल्या भाऊंनी हात वर केला. "सर, तिघायले एकच अक्षर सांगतलं, अन् तिघायनं आपापल्या सोयीचा अर्थ काढला. बरोबर?"

"सोयीचा नव्हे, आपापल्या गरजेचा," सर म्हणाले.

"आनि देवानं तिघायलेही बरोबर म्हटलं?"

"हो. तिघांनाही म्हणाला, समजलात तुम्ही."

"मंग कालच्या उंदराचं माह्यं काय चुकलं होतं?"

सर यावर मनापासून हसले. त्यांच्याविषयी मला तेव्हापासून आदर आहे.

आता शेवट आला. इतका वेळ कोणालाच न कळणाऱ्या भाषेतून अचानक एक ओळखीचा शब्द बाहेर आला: शांती. एकदा, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येकाला इकोची जोड. इंग्रजी कविता संस्कृतात संपते हे आम्ही कोणी आधी सांगितलं नव्हतं. पण शांतिपाठ झाला म्हणजे कार्यक्रम झाला हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. सगळा मंडप एकदम उभा राहिला. हात जोडले गेले. आबाजींनी खणखणीत आवाजात जयघोष दिला, राष्ट्रसंतांचा दिला, सद्‌गुरूंचा दिला, आणि मग सुचलं म्हणून, "एलियट महाराज की..." असंही म्हणाले. "जय" झाला. काकूंनी पुढं होऊन मोबाइलला नमस्कार केला. कोणी तरी प्रसाद कुठं आहे असं विचारलं, आणि संत्र्याचं कॅरेट उघडलं गेलं.

तेवढ्यात पुतण्यानं माहिती पुरवली की कविता संपली असली तरी एलियटनं तिला स्वतः टिपा जोडलेल्या आहेत. सरांचे डोळे चमकले. "टिपा तर अत्यंत महत्त्वाच्या!" त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं. "बसा, बसा. पहिली टीप अशी..."

आणि लाइन आली. शेतीची थ्री फेज आमच्याकडे पुष्कळदा रातचीच येते, आणि ती आली की कविता, कीर्तन, सत्यनारायण, कशालाच कोणी थांबत नाही. कोणाची मोटर सुरू करायची, कोणाचं ड्रिप पाहायचं. "येतो सर, लय छान झालं, पुढल्या साली या." दोन मिनिटांत मंडपात मी, सर, पुतण्या आणि सतरंज्यांचा हिशेब असलेला बिछायतवाला एवढेच उरलो. सरांनी पुस्तकात बोट तसंच धरून ठेवलं होतं.

बिछायतवाल्यानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, सतरंजीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाला, "वाचा ना सर तुमी बिनधास्त. मी गुंडायत येतो मांगून."